मदत हवी आहे: अभंगाच्या नोटेशनवर कॉपीराइट टाकलाय, काय उत्तर देऊ?

पेटीवाला_परभणी: मंडळातल्या पोरांसाठी अभंगांच्या चालींचं नोटेशन, म्हणजे स्वरलेखन, मी फुकट टाकत असतो. काल एका कंपनीनं एक उडवलं. तुकोबांच्या अभंगावर कसला आलाय कॉपीराइट? सप्ताह तोंडावर आलाय, पोरं रोज विचारायलेत. काय उत्तर द्यायचं तेवढं सांगा. अर्जंट.

लातूरकर: टाकलं कुठं होतं? यूट्यूब, ब्लॉग की ड्राइव्ह? मेल कंपनीचा आलाय की यूट्यूबचा?

पखवाजप्रेमी: पीडीएफ टेलिग्रामवर टाका. मी तेच करतो, कुणी विचारत नाही.

वकील_नांदेड: कुणी विचारलं नाही म्हणून हक्क मिळत नाही, तिथूनही काढायला लावतात. पेटीवाले, चाल परंपरेतली की कॅसेटमधली?

पेटीवाला_परभणी: यूट्यूबवर. मीच पेटी वाजवतो, खाली सरगम सरकते. चाल सगळीकडं म्हणतात तीच. कॅसेट मागं घेऊन घेऊन उतरवलीय. अंतऱ्यात कोमल निषादावरची एक हरकत, म्हणजे स्वरांची छोटी वळणदार जागा आहे, ती मात्रेत बसवायला रात्र गेली. कंपनीनं कधी कागदावर दिलंय का हे? मग ते माझंच झालं ना?

वकील_नांदेड: शब्द तुकोबांचे, ते सगळ्यांचे. चालीचं तसं नाही. १९५७ च्या कायद्यात संगीतकृती म्हणजे तिचं स्वरलेखनसुद्धा, आणि ऐकून उतरवणं हे रूपांतरात धरलंय. कष्ट तुमचे असले तरी परवानगी लागते. संगीतकार गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतो. १९६५ साली गेले असतील तर २०२५ संपेपर्यंत.

सूरसाधक_अंबाजोगाई: उद्या भूप रागावर पण दावा करतील! भातखंड्यांनी बंदिशी गोळा करून छापल्या नसत्या तर आपल्या हाती काय राहिलं असतं?

वकील_नांदेड: राग कुणाचाच नाही. भातखंडे १९३६ ला गेले, त्यांची पुस्तकं खुशाल टाका. पण भूपात कुणी बांधलेली चाल त्याची असते.

सूरसाधक_अंबाजोगाई: आणि गावोगावच्या जुन्या चाली कंपन्यांनी उचलल्या, त्याचं काय? आमच्या म्हाताऱ्या टाळकऱ्यांना कुणी विचारलं होतं?

गिटारवाला: परदेशातही हेच झालं. स्वरलेखन फुकट देणारं आयएमएसएलपी हे कॅनडातलं संकेतस्थळ २००७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रकाशकाच्या नोटिशीनं बंद पडलं, २००८ ला परत आलं. कॅनडात मुदत संपलेल्या कृती युरोपात संपल्या नव्हत्या, भांडण त्यावरून.

भजनी_ठेका: नोटेशन पेटीची काळी चार ही पट्टी धरून लिहू नका. सा धरून लिहा, कुठल्याही पट्टीत वाजतं. कोमलखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी.

पेटीवाला_परभणी: अहो, ते येतंय मला! मी विचारलंय काय, तुम्ही सांगायलेत काय!

लातूरकर: मेलात नुसता दावा लिहिलंय की स्ट्राइक, म्हणजे व्हिडिओ काढून दिलेली ताकीद? ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाल्या तर चॅनल जातं.

पेटीवाला_परभणी: स्ट्राइक. ही दुसरी. पहिली गेल्या महिन्यात आलती, दुसऱ्या अभंगावर.

वकील_नांदेड: हे आधी सांगायचं ना! आता घाईनं काउंटर नोटीस, म्हणजे व्हिडिओ परत लावा अशी यूट्यूबकडं मागणी, टाकू नका. त्यात तुमचं नाव-पत्ता कंपनीकडं जातो. १० कामकाजाच्या दिवसांत त्यांनी कोर्टात गेल्याचं दाखवलं नाही तर व्हिडिओ परत येतो. पण चाल पारंपरिक असेल तरच टाका. आणि वाजवलंय तुम्हीच, म्हणजे दावा ध्वनिमुद्रणावर असेल तर तो टिकत नाही, संगीतरचनेवर असेल तर गोष्ट वेगळी. कॅसेटचं कव्हर आहे का? 'संगीत' पुढं काय छापलंय?

पेटीवाला_परभणी: सापडलं. ए बाजूला संगीतकाराचं नाव आहे, बी बाजूला बारीक अक्षरात 'पारंपरिक'. कालचा अभंग ए बाजूचा. पहिला बी बाजूचा. मेलात दोन्हीकडं संगीतरचनाच लिहिलंय.

वकील_नांदेड: मग पहिल्यावर काउंटर टाका, कव्हरचा फोटो जपून ठेवा. कालच्यासाठी कंपनीला परवानगी मागणारा मेल करा, स्ट्राइक मागं घ्या म्हणावं. सप्ताहाची काळजी करू नका, धार्मिक कार्यक्रमात म्हणायला कायद्यात सूट आहे. पोरांना शिकवताना कागद हातात द्या, नेटवर नको.

पखवाजप्रेमी: मग टेलिग्रामवरचं मी काढायचं का?