दोरा तुटतोय, शिवणातलं कुणाला कळतं का?

(आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची ही चर्चा. शिवण शिकणाऱ्या दोन मैत्रिणींनी मागितली म्हणून उतरवून काढली. अंगठे, 'ओके' आणि सकाळची फुलं गाळली आहेत. नावं माझ्या फोनमध्ये सेव्ह आहेत तशीच.)

मी: शिवणाच्या मशीनमधलं कुणाला कळतं का? गोधडीचे तुकडे जोडतेय. वीतभर टीप मारली की वरचा दोरा तुटतो. कापड उलटं केलं तर खाली हे असं. (फोटो)

बी ३०१ वहिनी: अगं बाई, हे तर पक्ष्याचं घरटं झालंय!

सी ५०२ दादा: गुंता खाली आहे म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिनच बिघडली. ती बसते त्या डबीचा, म्हणजे बॉबिन केसचा, तो छोटा स्क्रू आवळा.

ए १०२ माई: स्क्रूला हात लावू नकोस गं! जाळं खाली दिसत असलं तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. त्याला ताण नसला की तो भसाभस खाली उतरतो आणि वर ओढलाच जात नाही. मला एवढंच सांग, दोरा ओवतेस तेव्हा कापड दाबणारा फूट वर असतो की खाली?

मी: खाली. कापड सरकू नये म्हणून आधी फूट टेकवते, मग ओवते.

माई: तिथेच चुकलं. फूट खाली असला की दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही. फूट वर कर, सुईही वर घे, मग ओव. ओवून झालं की फूट खाली करून दोरा हाताने ओढून बघ. ओढताना जोर लागला पाहिजे. सुळकन आला तर पुन्हा ओव.

मी: माई, जाळं गेलं!! तुटणं मात्र तसंच आहे.

माई: आता रिळाचा फोटो टाक. आणि सुई कितीची आहे?

मी: (फोटो) सुई मशीनबरोबर आलेलीच आहे, नंबर माहीत नाही. रिळावर ४० लिहिलंय. मस्त चकाकतो म्हणून घेतला.

माई: चकाकतो म्हणूनच मला शंका आली. भरतकामाचा रेयॉन दिसतोय.

बी ७०४ ताई: रेयॉनच आहे, फोटोत लेबल वाचता येतंय. (मी सुताच्या टेस्टिंग लॅबमध्ये होते, म्हणून मध्ये बोलतेय.) रेयॉन ओला झाला की त्याची ताकद बरीच उतरते. भरतकामात टाका कापडावर नुसता बसलेला असतो, त्याला ओढ घ्यायची नसते, म्हणून तिथे शोभतो. शिवणीत सगळी ओढ दोऱ्यावर. त्यातून गोधडी भिजली की वजन किती होतं ते उचलणाऱ्यालाच ठाऊक. जोडणीला हा दोरा नको.

दादा: मग पॉलिएस्टर घ्या, सगळ्यात मजबूत. माझ्या सॅकचा पट्टा मी त्यानेच शिवलाय, पाच वर्षं हललेला नाही.

माई: सॅक वेगळी, गोधडी वेगळी. गोधडीचं कापड सुती, मऊ, पुष्कळदा वापरून विरलेलं. ओढ बसली की दोघांतलं एक जाणार, टीप नाही तर कापड. टीप उसवली तर दहा मिनिटांत पुन्हा मारता येते. कापड टिपेच्या कडेने फाटलं तर अख्खा तुकडा बदलावा लागतो. म्हणून दोरा कापडापेक्षा थोडा कच्चाच बरा.

वहिनी: हे पहिल्यांदाच ऐकलं. मी तर दुकानात दोरा ताणून ताणून बघते!

ताई: माईंचं बरोबर आहे, फक्त एक जोड देते. 'पॉलिएस्टर दोरा सुती कापड कापतो' असं जे सर्रास सांगतात ते तितकंसं खरं नाही. दोरा काही करवतीसारखा चालत नाही. बारीक, चांगल्या प्रतीचा पॉलिएस्टर गोधडीला खुशाल वापरतात. फरक आहे तो स्वभावाचा. पॉलिएस्टर ताणला की थोडा लांबतो आणि सोडला की परत येतो. सुती दोरा फारसा ताणत नाही. म्हणून टी-शर्ट, लेगिंग असं ताणणारं काही असेल तर सुती टीप कट्कन तुटते, तिथे पॉलिएस्टरच हवा. सतत उन्हात राहणाऱ्या वस्तूंनाही तोच.

वहिनी: आणि इस्त्रीचं काय? मी तुकडा जोडला की लगेच दाबते.

ताई: पॉलिएस्टर २५० अंशांच्या पुढे वितळतो आणि सुती कापडाची इस्त्री २०० च्या आसपास असते, म्हणजे लगेच काही होत नाही. पण सारखी कडक इस्त्री फिरणार असेल तर मी स्वतः सुतीच घेते. सांभाळायचं ते नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याला. तो गरम इस्त्रीखाली लवकर मऊ पडतो आणि पुढे पिवळटतो. पारदर्शक हवाच असेल तर पॉलिएस्टरचाही मिळतो.

सेक्रेटरी: उद्या ११ ते २ टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवावे.

दादा: आवरा आता, ग्रुप सूचनांसाठी आहे.

सेक्रेटरी: चालू द्या. आमच्याकडेही एक मशीन धूळ खात पडलंय. वाचतोय.

मी: ताई, रिळांवरच्या आकड्यांचं गणित सांगा ना. कुठे ४०, कुठे ५०/३, कुठे टेक्स, एका कोनवर, म्हणजे शंकूसारख्या मोठ्या रिळावर, नुसतंच १२०.

ताई: ४० म्हणजे मूळ हिशेबाने ४० किलोमीटर दोऱ्याचं वजन १ किलो. ५० म्हणजे तेवढ्याच वजनात ५० किलोमीटर निघतो, अर्थात दोरा बारीक. नंबर वाढला की जाडी कमी. तिरप्या रेघेनंतरचा आकडा पदरांचा, /३ म्हणजे तीन पदर पिळलेले. टेक्स नेमकं उलट, १००० मीटर दोऱ्याचं वजन किती ग्रॅम, म्हणजे टेक्स वाढलं की दोरा जाड. डेनियरही तसंच, फक्त ९००० मीटरचं. कोनवरचा १२० हा बहुधा टिकट नंबर, म्हणजे दोऱ्याच्या जाडीचाच आणखी एक नंबर, तोही वाढला की बारीक.

दादा: म्हणजे तारेच्या गेजसारखं. २२ गेजची तार १८ पेक्षा बारीक.

ताई: अगदी तसंच! पण मोजायच्या पद्धती दोन-तीन आहेत. सुताची इंग्लिश पद्धत वेगळी, मेट्रिक वेगळी. त्यामुळे दोन कंपन्यांचे '५०' हातात घेतले तर जाडी सारखी असेलच असं नाही. शेवटी चिमटीत धरून बघायचं.

माई: आणि त्या जाडीला सुई जुळवायची. सुईवर ८०/१२ असं असतं. त्यातलं ८० म्हणजे सुईची जाडी, ०.८० मिलिमीटर. ५० च्या दोऱ्याला ७५ किंवा ८० ची सुई, ४० ला ९० ची. वरून शोभेची जाड टीप मारायची असेल तर १०० ची. खात्री करायची सोपी युक्ती सांगते. सुई मशीनमधून काढ, वीतभर दोऱ्यात ओव आणि दोरा ताणून तिरका धर. सुई आपोआप घसरत खाली आली तर नेढं बरोबर. अडून बसली तर नेढं लहान.

मी: अडून बसली. भिंगातून बघितलं, ७० आहे.

माई: मग कसा टिकेल! टाक्यात बसण्याआधी दोऱ्याचा तोच भाग नेढ्यातून कितीतरी वेळा खालीवर होतो. नेढं अरुंद असलं की तेवढ्या वेळा खरवडला जातो. आणि ही सुई मशीन आल्यापासून तशीच आहे ना? सात-आठ तास शिवण झालं की सुई बदलावी. कापडात शिरताना टकटक आवाज यायला लागला तर त्याच्याही आधी.

ए १०२ नाना: नेढ्याचा विषय निघालाच आहे म्हणून. हाताच्या सुईला नेढं मागच्या टोकाला असतं. एलियास हाव यांना अमेरिकेत १८४६ मध्ये ज्या मशीनचं पेटंट मिळालं, त्यात ते अणीजवळ होतं आणि दुसरा दोरा शटलमधून खालून येत होता. तोच टाका आजही. आणि सुती दोऱ्याचं मूळ त्याआधीचं. नेपोलियनच्या नाकेबंदीत रेशीम मिळेना, तेव्हा स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावच्या क्लार्क कुटुंबाने रेशमासारखा गुळगुळीत सुती दोरा काढला. आपल्या कोयरीच्या नक्षीला इंग्रजीत पेस्ली म्हणतात, ते याच गावावरून.

माई: अहो, इथे तिचा दोरा तुटतोय आणि तुम्ही नेपोलियन कुठे काढलात!

वहिनी: राहू दे हो माई, कोयरीचं मला आवडलं.

मी: बरं, आता सुती घ्यायचा तर बघून कसा ओळखू? सगळे सारखेच दिसतात.

ताई: हातभर दोरा सोडवून उजेडासमोर धरा, मागे गडद कापड. कडेला बारीक लव दिसली तर दोरा आखूड तंतूंचा. ती लव सुईपाशी आणि बॉबिन केसमध्ये साचत जाते, मग टाके सुटायला लागतात. लांब तंतूंच्या कापसाचा दोरा कमी केसाळ आणि बारीक असूनही दमदार असतो. पिमा कापूस त्या जातीचा. रिळावर 'मर्सराइज्ड' दिसलं तर चांगलं. १९ व्या शतकात जॉन मर्सर यांनी सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली, त्यावरून ते नाव. पुढे सूत ताणून धरून ही प्रक्रिया करायला लागले तेव्हा त्याला झळाळी यायला लागली. रंगही छान धरतो.

वहिनी: माझ्याकडे हाताने गोधडी शिवायचा कडक दोरा आहे, खूप गुळगुळीत. तो मशीनला लावू?

माई: मुळीच नको. त्यावर मेणाचा किंवा खळीचा थर असतो. हाताने शिवताना गुंता होत नाही म्हणून छान, पण मशीनमध्ये तो थर टेन्शनच्या चकत्यांवर बसतो. मग महिनाभर कुठलाही दोरा धड चालत नाही.

वहिनी: आणि कापडाच्या कडा बांधायच्या ओव्हरलॉक मशीनचा मोठा कोन?

ताई: तो बारीक असतो. ओव्हरलॉकमध्ये तीन-चार दोरे मिळून भार वाटून घेतात. एकट्याने शिवण तोलायला तो केलेला नाही. कच्च्या टिपेला वापरा.

दादा: माझा एक अनुभव, सॅकवाल्याचा म्हणून का होईना. काही रिळांवर दोरा एकावर एक सरळ गुंडाळलेला असतो, काहींवर फुलीफुलीचा. सरळवालं रीळ उभ्या खिळीवर लावायचं, म्हणजे ते फिरतं आणि दोरा कडेने सुटतो. फुलीवालं आडवं, म्हणजे दोरा टोकावरून निघतो. उलट केलं की पीळ वाढतो किंवा सुटतो आणि दोऱ्याला वेटोळी पडतात.

माई: वा रे! हे मी सांगायचं विसरलेच होते.

मी: जोडणीला ५० आणि वरच्या टिपेला ४०, असं घेऊ का?

माई: हो. जोडणीचा दोरा बारीकच हवा, कारण शिवण दाबून उलटवताना दोऱ्याची जाडी घडीत जाते. हिशेब कर. एका ओळीत १२ तुकडे म्हणजे ११ शिवणी. प्रत्येक शिवणीत अर्धा मिलिमीटर गेला तरी ओळ साडेपाच मिलिमीटरने आखूड. मग खालच्या ओळीशी चौकटी जुळत नाहीत आणि आपण कात्रीला बोल लावतो.

ताई: रंग फिकट राखाडी घ्या, बहुतेक सगळ्या तुकड्यांत मुरतो. आणि वरच्या टिपेला रंग जुळवून घ्यायचा तर रिळावर कापडापेक्षा किंचित गडद दिसेल असा घ्या, कारण एकेरी दोरा कापडावर फिका दिसतो. बॉबिनमध्ये तोच किंवा त्याहून बारीक. पॉलिएस्टर असेल तर बॉबिन सावकाश भरा. भरताना ताणला गेला तर शिवल्यावर आक्रसतो आणि टिपेला चुण्या पडतात.

मी: आणि आजीच्या डब्यातली जुनी रिळं? ढीगभर आहेत, लाल तर इतका सुंदर.

माई: वीतभर तोडून दोन्ही हातांनी ओढ. चांगला दोरा तुटताना विरोध करतो. जुनाट सुती दोरा मुकाट्याने तुटतो, आवाजसुद्धा करत नाही. वरचे एक-दोन थर काढून आतलाही ओढून बघ. कधी कधी वरचा उन्हाने गेलेला असतो आणि आतला ठणठणीत निघतो. लालचा एक तुकडा मात्र गरम पाण्यात भिजवून पांढऱ्या चिंधीवर दाबून ठेव.

(दुसऱ्या दिवशी)

मी: ८० ची सुई, ५० चा सुती दोरा. पूर्ण ओळ एका दमात झाली, एकदाही तुटला नाही. खालून बघा. (फोटो)

माई: सुरेख! वरून आणि खालून सारखीच दिसतेय. आता कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखालची लव ब्रशने काढ. फुंकर मारू नकोस, आत जाते.

सेक्रेटरी: आमचं मशीनही चाललं. फूट वर करून ओवलं. टाकी धुऊन झाली आहे.

मी: आणि आजीचा लाल दोरा ओढायला पक्का निघाला, पण चिंधी गुलाबी झाली.

दादा: रीळ टाकू नका, मला द्या. टोमॅटोची रोपं बांधायची आहेत.