हो-हो करणारे पुढे कारभारी कसे झाले? : खान्देशी अनुभव धागा

जळगावकर नाना :
आपल्याकडे प्रत्येक घरात, प्रत्येक ऑफिसात एक तरी माणूस असतो ज्याला कोणीही काहीही सांगावं आणि त्याने हो म्हणावं. लग्नात वाढायला तोच, वऱ्हाडाची गाडी ठरवायला तोच, भरीत पार्टीला धुरात बसून वांगी भाजणारा पण तोच, आणि जेवायला शेवटच्या पंगतीत. असे मी बरेच बघितले, पण त्यातले काही पुढे सोसायटीचे चेअरमन झाले, कोणी शाळेचे हेड झाले, लोक त्यांचं ऐकतात आणि तरी बोलायला गोडच राहिलेत. मधे नेमकं काय होतं ते ऐकायचंय. स्वतःचं सांगा, पुस्तकातलं नको. नावं टाळा.

चोपडा तालुक्यातली ताई :
आमच्या बचत गटाची अध्यक्ष निवडायची होती तर गल्लीतल्या आजी म्हणे, "हिले करा, हाई कोनले नही म्हनत नही." म्हणजे ही माझी लायकी बघा. आणि आता अशा बाईच्या हातात पैसा आला की पहिले कोण येणार, घरचेच. जाऊबाई आल्या, आधीचे हप्ते थकलेले, कानबाईचे रोट, म्हणजे आपला श्रावणातला मोठा सण, तोंडावर, म्हणे घरातलं माणूस अध्यक्ष असून काय उपयोग. मला तोंडावर नाही म्हणता येत नव्हतं, अजूनही जड जातं. मग मी तो विषय सरळ बैठकीतच ठेवला. पंचसूत्री सगळ्यांना पाठच असते, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. रजिस्टर उघडून कोणाचं किती बाकी ते मोठ्याने वाचलं, जाऊबाईंचं वाचलं, माझंही वाचलं. बायकाच बोलल्या, आधी थकलेलं भरा मग नवीन कर्ज. जाऊबाई दसऱ्यापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत आणि मला झोप लागायची नाही, खोटं कशाला सांगू. पण हप्ते आले. सुरुवातीला मी अशी वहीच्या आडोशाला उभी राहूनच नाही म्हणायचे, नंतर वही न उघडता पण जमायला लागलं. एकदम ज्यांना जमत नाही त्यांनी आधी नियम पुढे करावा, त्यात लाज कसली.

रावेरकडचा केळीवाला :
ताईंचं बरोबर आहे पण आमच्या धंद्यात वही पण नसते ना भो. केळीचा माल तयार झाला की थांबत नाही, उन्हाळ्यात तर झाडावरच पिकायला लागतो, व्यापाऱ्याला हे तुमच्यापेक्षा जास्त माहिती. बोर्डावर भाव एक असतो आणि बांधावर दुसराच, वरून कटती, म्हणजे वजावट. आणि हे कधी सांगतात, तर मजुरांची टोळी बागेत शिरली, घड उतरायला लागले, गाडी उभी आहे, तेव्हा. तिथे माझ्यासारखा माणूस काय करणार, जाऊ द्या नं भाऊ म्हणून चहा सांगणार. वडील चिडायचे, म्हणायचे तुझ्या गोड बोलण्यापायी सगळा बाग वाटून देशील. पण झालं काय, मी भांडत नाही म्हणून सगळे व्यापारी माझ्याजवळ बसायचे, बोलायचे. कोणाची गाडी दिल्लीकडे चाललीय, कोणाला माल अर्जंट पाहिजे, कोणाचे पैसे वरूनच अडकलेत, मला सगळं कळायचं. शिवारातल्या शेतकऱ्यांना ते समजलं तेव्हा म्हणे आमच्या वतीने पण तूच बोल. आता माझ्या एकट्याचं असतं तर मी आजही सोडून दिलं असतं, पण शेजारच्या काकांच्या पैशावर मी कसं जाऊ द्या म्हणणार? तिथून बदललो. नियम एकच केला, भाव आणि कटती कापणीच्या आदल्या दिवशी कागदावर लिहायची, तरच टोळी बोलवायची. घड उतरल्यावर कितीही जोरात भांडा, उपयोग शून्य. आवाज माझा तेव्हाही खालचाच होता आणि आजही चहा मीच सांगतो. एक-दोन व्यापारी सोडून गेले, गेले तर गेले.

भुसावळची सून :
माफ करा पण मला हे सगळं "स्वभाव" म्हणून बोलणं पटत नाही. माझा स्वभाव माहेरी असताना चांगलाच तिखट होता. रेल्वे क्वार्टरमध्ये सासू, सासरे, दोन दीर आणि एक नळ, तिथे हो म्हणणं ही मजबुरी होती, गोडपणा नव्हे. मग मला नोकरी लागली, पगार हातात यायला लागला आणि माझा स्वभाव आपोआप "कॉन्फिडंट" झाला, अचानकच. आत्मविश्वास वगैरे नंतर, आधी पासबुक.

जळगावकर नाना :
वहिनी, हे पण लिहायलाच पाहिजे होतं कोणीतरी.

अमळनेरचे निवृत्त सर :
आमच्या गावात असल्या विषयावर साने गुरुजींचं नाव न काढता पुढे जाता येत नाही. हळवा माणूस, मुलांचं आजारपण काढणारा, कोणाला दुखवायचं म्हणजे यांनाच त्रास. तोच माणूस १९३० साली इथली शिक्षकी सोडून सत्याग्रहात गेला. १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा गावोगाव फिरून लोकांना उभं करणाऱ्यांत होता. आणि मे १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसला. खुद्द गांधीजींनी उपोषण थांबवा म्हणून कळवलं होतं, तरी नाही थांबले. ज्यांना मनापासून मानलं त्यांना पण नाही! रडवेला म्हणून हसणारे लोक हे विसरतात. मी स्वतः हेडमास्तर असताना स्टाफला ओरडायला शिकावं लागेल असं मला वाटायचं, ते काही आलं नाही शेवटपर्यंत. संस्थेतल्या वरच्या मंडळींचा फोन यायचा, अमक्याला पास करा. "गुण देता येणार नाहीत साहेब, फेरपरीक्षेची तयारी मी स्वतः करून घेतो," एवढंच म्हणायचो आणि खरंच रोज चारनंतर त्या पोराला घेऊन बसायचो.

शिरपूर तालुक्यातून एक माजी सरपंच :
सीट महिला राखीव निघाली, राज्यात २०११ पासून निम्म्या जागा बायकांनाच आहेत, म्हणून मला उभं केलं. मला म्हणजे सहीला. ग्रामसेवक भाऊ प्रोसिडिंग बुक घेऊन घरी यायचे, आमचे हे बोट ठेवायचे तिथे सही. मी भांडले नाही, नवऱ्याशी पण नाही. फक्त म्हणायला लागले, "वाचून दाखवा ना भाऊ, माझा चष्मा सापडत नाहीये." दर वेळी चष्मा सापडायचा नाही. वाचायला लागले की एकेका ठरावावर मला शंका यायची, चहा व्हायचा, परत वाचायचं. शेवटी ते पुस्तक ऑफिसातच राहायला लागलं आणि मी तिथे जायला लागले. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते हे मला त्या पुस्तकातूनच कळलं, आधी ती कागदावर होऊन जायची. पहिल्या खऱ्या सभेला बायका आल्या त्या मला घाबरून नाही, वर्षानुवर्षं त्यांच्या बाळंतपणात, मयतीत, पापड-कुरडयात मी गेलेली होते म्हणून आल्या. विषय एकच होता, पाणी सोडायची वेळ. पहाटे चारचं पाणी सकाळी सहाला आणलं. बाहेरच्यांना किरकोळ वाटेल.

नंदुरबारची सिस्टर :
थोडक्यात लिहिते, ड्युटी आहे. मी सगळ्यांच्या नाइट बदलून घेणारी. इनचार्ज झाले तेव्हा त्याचाच फायदा झाला, कारण कोणाची सासू खरंच आजारी असते आणि कोणाची फक्त सणाला आजारी पडते ते मला पाठ होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळ्यांनाच माहेरी जायचं असतं, आपल्याकडे तो बायकांचा सण. मागच्या वर्षी जी गेली ती या वर्षी थांबणार अशी लिस्ट लावली आणि थांबणाऱ्यांत पहिलं नाव माझं टाकलं. कुरकुर झाली, पण लिस्ट बदलली नाही.

पारोळ्याचा पोरगा, सध्या पुण्यात :
सगळं वाचलं. मला नुकताच टीम लीड केलाय आणि माझे चार जण घरी गेल्यावर त्यांचं काम मी रात्री बसून करतोय. नाही म्हणायला गेलो की घसा कोरडा पडतो. सुरुवात कुठून करू?

रावेरकडचा केळीवाला :
नाही म्हणूच नको अजून. "सकाळी सांगतो" म्हण आणि सकाळी खरंच सांग. रात्रीतून निम्मी कामं ज्याची त्यालाच आठवतात.

चोपडा तालुक्यातली ताई :
आणि कोणाचं किती काम बाकी आहे ते सगळ्यांना दिसेल असं लिहून लाव रे भाऊ. तुझं पण लिही.

भुसावळची सून :
जास्तीचं काम करतोयस तर पगारवाढीचं काय झालं ते आधी सांग.