मदत हवी आहे: राजगड-तोरणा-रायगड, फेब्रुवारीअखेर पाणी आणि मुक्काम

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाचजण गुंजवण्यातून निघतोय. पहिली रात्र राजगडावर पद्मावतीच्या देवळात, दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून उतरून तोरणा, मुक्काम मेंगाईच्या देवळात. इथवरचा रस्ता पायाखालचा आहे.

अडलंय पुढे. तिसऱ्या दिवशी बुधला माचीवरून उतरून मोहरी गाव गाठायचंय, चौथ्या दिवशी बोराट्याच्या नाळेतून (घाटावरून कोकणात उतरणारी दगडधोंड्यांची उभी घळ) पाने गाव आणि मग रायगड. नकाशावर ओढे भरपूर दिसतात, पण त्या निळ्या रेघांवर माझा काडीचा विश्वास नाही. मागच्या मार्चमध्ये अशाच एका रेघेवर भिस्त ठेवून गेलो, तर ओढ्यात नुसते तापलेले गोटे आणि एका खळग्यात शेवाळलेलं ओंजळभर पाणी. रुमालातून गाळून, उकळून प्यायलो. चहाला चिखलाचा वास होता.

माणशी चार लिटर पाणी उचलू शकतो, त्याहून जास्त नको, कारण नाळेत मोठमोठ्या धोंड्यांवरून उतरताना पाठीवरचं ओझं तोल घालवतं. दोन तंबू आहेत, गॅसची शेगडी आहे, चूल पेटवणार नाही. दोर नाही, नाळेजवळचा लिंगाण्याचा सुळका चढायचा नाही. सगळ्यांना सह्याद्रीची सवय आहे, पण नाळ कुणीच उतरलेली नाही. वाटाड्या मोहरीतूनच घ्यायचा विचार आहे.

अलीकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणी गेलं असेल तर सांगा: तोरणा ते मोहरी वाटेत खात्रीचं पाणी नेमकं कुठल्या वाडीत मिळतं? आणि मोहरीत तंबू ठोकायला जागा कुणाला विचारायची, की तिथे घरातच सोय होते?