मदत हवी आहे: पिंपात मुरवलेला स्टाउट (काळी, कडक बिअर) नुसता जाळतोय

घाईत_आहे: काल एक बाटली उघडली. वास नाही, फेस नाही, घशात आग आणि मागून कडू. दुसरी आज रात्री आठला चौघांत उघडायची आहे. काय चुकतंय? लवकर सांगा.

तळातला_गाळ: पिंपात आधी काय होतं, बर्बन (अमेरिकन व्हिस्की) की रम? अल्कोहोल किती टक्के? किती थंड? ग्लास कोणता?

घाईत_आहे: बर्बन. १४ टक्के, ५०० मिली, वर २०२३ छापलंय. थंड म्हणजे बिअर असते तशीच, फ्रीजमधून काढली की लगेच. ग्लास साधा, उभा.

तळातला_गाळ: तिथंच घोडं अडलं. ४ अंशाला व्हॅनिला, ओक, काकवी काहीच दरवळत नाही. गोडीही दबते, मग कडवटपणा वर येतो. १२ ते १४ अंश हवेत. ट्युलिप ग्लास (पोटाशी फुगीर, वर निमुळता) घ्या, नसेल तर वाइनचा. माणशी १०० ते १२० मिली, ग्लास तिसरा हिस्साच भरा. नाक आत खुपसलं की आधी अल्कोहोल चढतो; काठापासून दोन बोटं लांब धरून, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. पहिला घोट जिभेच्या सवयीला, मत तिसऱ्यावर. फेस एवढ्या अल्कोहोलमध्ये टिकत नाही, त्याचं मनावर घेऊ नका.

जुनं_ते_सोनं: उघडूच नका. पाच वर्षं ठेवा, आग आपोआप जाते.

तळातला_गाळ: आग मऊ होते, टक्के तेवढेच राहतात. झाकणातून ऑक्सिजन शिरतो: चव आधी शेरी वाइन-मनुक्यांची, मग सोया सॉसची, शेवटी भिजक्या पुठ्ठ्याची. कॉफी घातलेली असेल तर वर्षाच्या आत संपवावी.

जुनं_ते_सोनं: उभी, अंधारात, १२ अंशाला ठेवली तर पुठ्ठ्याला वेळ लागतो. लोक फ्रीजच्या डोक्यावर ठेवतात आणि मग ओरडतात.

फेसाळ: आंबट होती का? गूज आयलंड या अमेरिकन ब्रुअरीच्या २०१५ च्या बर्बन काउंटी स्टाउटच्या काही बाटल्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूने आंबल्या, कंपनीने पैसे परत दिले. २०१६ पासून ते पाश्चराइझ करतात.

घाईत_आहे: आंबट कोण म्हणालं? जळजळ!

पुण्याला_परत: अशा किती बाटल्या भारतात नेता येतात?

फेसाळ: ड्यूटी न भरता दोन लिटर, व्हिस्की-वाइन धरून. म्हणजे या मापाच्या चार.

चाखणा_तज्ज्ञ: धागाकर्ते, सोबत काय खाल्लंत?

घाईत_आहे: तिखट शेव, मिरचीची भजी. त्याचा काय संबंध?

चाखणा_तज्ज्ञ: तोच तर संबंध. मिरची आणि अल्कोहोल तोंडातला एकच आगीचा संवेदक चेतवतात. ब्लू चीज, ७० टक्के चॉकलेट, बिनमिठाचे भाजलेले बदाम ठेवा. आणि काल अख्खी एकट्याने संपवली असेल तर हिशोब करा: ५०० मिलीत ७० मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे व्हिस्कीचे ६० चे जवळजवळ पावणेतीन पेग.

घाईत_आहे: पावणेआठला बाहेर काढली तर चालेल?

तळातला_गाळ: सव्वासातला. घर २१ अंशाला असेल तर पाऊण तास लागतो. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका.

जुनं_ते_सोनं: २०२८.