शब्दचर्चा : ‘डेरिव्हेटिव्ह डिस्ट्रो’ला मराठीत काय म्हणावं?

दर्यापूरहून :
तालुक्यातल्या काही शाळांसाठी डेबियन या लिनक्सवरून डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार संच, बांधतोय. मराठी फॉन्ट, इनस्क्रिप्ट कळफलक, गणिताचे खेळ, बस. गावात नेटचा भरवसा नाही, म्हणून सगळं पेनड्राइव्हवर. शिक्षकांसाठी माहितीपत्रक लिहिताना ‘डेरिव्हेटिव्ह’पाशी, म्हणजे एका डिस्ट्रोवरून बनवलेल्या दुसऱ्या डिस्ट्रोपाशी, अडलो. ‘व्युत्पन्न’ लिहिलं तर गुरुजी म्हणाले, व्युत्पन्न म्हणजे विद्वान. ‘उपवितरण’ म्हटलं की विजेचं बिल आठवते. काही सुचवा.

वरुडहून :
‘कलमी’ म्हणा ना भाऊ! आमच्याकडे संत्र्याचं रोप असंच बनते. खुंट जंबेरीचा, डोळा संत्र्याचा. उबुंटू २००४ साली डेबियनवर आलं, मिंट २००६ साली उबुंटूवर. कलमावर कलम.

पुसदहून :
ऐकायला गोड, पण फसवं. डोळ्याकडची सुधारणा खुंटाला कधी मिळत नाही. इथे ती मिळायलाच हवी. फॉन्टमधला जोडाक्षराचा दोष तुम्ही काढला आणि स्वतःजवळच ठेवला, तर मूळ पॅकेजची (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याची) नवी आवृत्ती आली की तीच दुरुस्ती पुन्हा करत बसा. वर, म्हणजे मूळ पॅकेजवाल्यांकडे, पाठवली आणि त्यांनी घेतली, की तुमचं ओझं उतरलं.

माझं मत ‘साधित’ला. सिद्ध शब्द, साधित शब्द हे शाळेत सगळ्यांनी घोकलेलं आहे. मूळ ओळखू येतं, प्रत्ययही दिसतो. डिस्ट्रोतही तसंच असावं लागतं : डिस्ट्रोची ओळख सांगणाऱ्या ‘ओएस-रिलीज’ फाइलीत ‘आयडी’पुढे तुमचं नाव, ‘आयडी_लाइक’पुढे डेबियन. उबुंटूवाले तर बदललेल्या पॅकेजच्या आवृत्तीला ‘उबुंटू१’ असा अक्षरशः प्रत्ययच लावतात.

प्रत्यय लावा, पण आकडा फुगवू नका. एका शाळेच्या लॅबमध्ये कुणीतरी आपलं ब्राउझरचं पॅकेज टिकून राहावं म्हणून त्याची आवृत्ती ९९९ करून ठेवली होती. पॅकेजं बसवणाऱ्या एपीटीच्या लेखी मोठा आकडा म्हणजे नवं. डेबियनचे सुरक्षा अपडेट येत राहिले, ब्राउझरला एकही बसला नाही.

दर्यापूरहून :
मग ‘फोर्क’ला, म्हणजे मूळ प्रकल्पातून फुटून वेगळं निघालेल्याला, ‘फाटा’ म्हणावं का?

वरुडहून :
हाव, फाटा बरोबर. एसटीतून उतरलं की फाट्यावरून रस्ता वेगळा. संगणक सुरू होताना सेवा चालू करणाऱ्या सिस्टमडीच्या वादावरून २०१४ साली डेबियनमधून डेव्हुआन असंच निघालं.

पुसदहून :
डेव्हुआन स्वतःला फोर्क म्हणवतं खरं, पण बहुतेक पॅकेजं डेबियनचीच, जशीच्या तशी घेतं. त्यामुळे पाटीवर जाऊ नका, किती पॅकेजांना हात लावला ते मोजा.

त्या मापाने दर्यापूरकर, तुमच्या यादीत बदललेलं पॅकेज एकही नाही! मग ‘साधित’ तरी काहून? डेबियनच्या आत राहूनच एखाद्या कामासाठी केलेल्या निवडीला ते ‘प्युअर ब्लेंड’ म्हणतात. नॉर्वेत मूळ असलेलं, शाळांसाठीचं ‘डेबियन एज्यु’ त्यातलंच. तुम्हाला एवढंच पुरेल. पॅकेजांची यादी एका मेटापॅकेजमध्ये, म्हणजे स्वतः रिकामं पण बाकीची पॅकेजं ओढून आणणाऱ्या पॅकेजमध्ये, बांधा. इन्स्टॉलरची सीडी हवी तर ‘सिंपल-सीडीडी’ हे साधन, पेनड्राइव्हवरून थेट चालणारी हवी तर ‘लाइव्ह-बिल्ड’. इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं ‘प्रीसीड’ फाइलीत आधीच भरून ठेवता येतात, गुरुजींना डिस्कच्या विभाजनाचं कोडं सोडवावं लागत नाही. सेटिंग बदलायचं तर तुमचं स्वतःचं छोटं पॅकेज करा. बसवून झाल्यावर ‘ईटीसी’ या सेटिंगच्या फोल्डरातल्या फाइली हाताने खरडू नका, पुढच्या अपडेटला ‘जुनी ठेवू की नवी?’ हा प्रश्न प्रत्येक संगणकावर पुढे येऊ शकतो.

आणि पेनड्राइव्ह वाटले की तुम्ही वितरक झालात. बदल केला नसला, तरी जीपीएल या मुक्त परवान्याखालच्या पॅकेजांच्या सोर्सची (मूळ कोडची) सोय तुम्हालाच करावी लागते.

दर्यापूरहून :
सोर्सचं डोक्यातच नव्हतं, वेगळी हार्डडिस्क करतो. माहितीपत्रकात ‘शाळेसाठी निवडक डेबियन’ लिहितो. काही खरंच बदललं, तर ‘साधित’.

वरुडहून :
चालते. पण मेटापॅकेजला काय लिहाल?

पुसदहून :
मेटापॅकेज.