पळून वजन उतरतं का? पुण्यात तळजाई टेकडीवर पळणाऱ्यांनी सांगा (मदत हवी आहे)

खुर्चीपुराण:
नमस्कार मंडळी. वय ४३, उंची पाच फूट पाच, वजन ८२ किलो. राहायला सहकारनगर, नोकरी हिंजवडीत. म्हणजे जागेपणीचा निम्मा वेळ खुर्चीत, उरलेला चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये.

होळीनंतर तळजाईवर पळायला लागलो. आठवड्यातून चारदा, पाच किलोमीटर. पहिल्या महिन्यात दोन किलो उतरले. मग काटा जो थांबला तो थांबलाच. पॅन्ट मात्र कमरेत सैल झालीये. थायरॉइड, रक्तदाब नॉर्मल.

दर किलो वजनामागे एक किलोमीटर पळायला साधारण एक कॅलरी लागते म्हणतात. म्हणजे माझे एका दिवसाचे ४१०. एक किलो चरबी म्हणजे ७,७०० च्या आसपास. भागाकार केला तर ९४ किलोमीटर! इथून वाईच्या ढोल्या गणपतीपर्यंत पळत गेलो तरी थोडं उरेलच. तरीही या हिशोबाने आठवड्याला २०० ग्रॅम तरी जायला हवेत. ते कुठे अडकतात?

ग्रुपमधले लोक हिवाळ्यातल्या हाफ मॅरेथॉनची तयारी करताहेत. मीही अंतर वाढवू का? गुडघ्यांची भीती वाटते.

बिनसाखरेचा:
एवढं लिहिलंत, खाण्याबद्दल अवाक्षर नाही. पळून झाल्यावर टेकडीखाली काय होतं ते सांगा. एक वडापाव आणि दोन गोड चहा, की तुमचे ४१० फिट्टंफाट.

पर्वतीकर_१०३:
पळणं सोडा, रोज पर्वती चढा. १०३ पायऱ्या, फुकट, वर देवदर्शन.

मुक्काम_धायरी:
@पर्वतीकर, तेवढ्याने ४१० कसे जाणार? दहादा चढावी लागेल. आणि उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो, चढताना नाही. ८२ किलोंच्या माणसाला हे आधी सांगत जा.

सायली_फिजिओ:
हिशोब ठीक आहे, पण त्या ४१० मधल्या पन्नासेक कॅलरी तुम्ही घरी लोळत पडला असतात तरी गेल्याच असत्या. दुसरं म्हणजे, सकाळी पळालेला माणूस दिवसभर नकळत कमी हलतो. जिन्याऐवजी लिफ्ट, रविवारी दुपारी लांबलचक झोप. भूकही वाढते. २०० ग्रॅम असे झिरपतात. पहिल्या महिन्यात उतरलेल्या वजनात पाणीही बरंच असतं, त्यामुळे त्या वेगावरून पुढचा अंदाज बांधू नका.

पॅन्ट सैल झाली ही मला काट्यापेक्षा मोठी बातमी वाटते. टेप घेऊन पोट मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या वर गेलं की धोका धरतात. आठवड्यातून दोन दिवस पळण्याऐवजी ताकदीचे व्यायाम करा, बैठका, जोर, जमतील तसे. वजन उतरताना स्नायूही झिजतात, ते राखायला हवेत.

गुडघ्यांचं म्हणाल तर, हौसेने पळणाऱ्यांचे गुडघे पळण्याने झिजतात असं दिसत नाही. दुखणी येतात ती अंतर एकदम वाढवल्याने, आणि बहुधा नडगीपासून सुरुवात होते. चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला. पळताना शेजाऱ्याशी वाक्य पूर्ण बोलता यायला हवं.

घाटमाथा:
माझं पळूनच उतरलं बुवा. पण खरं सांगायचं तर त्याच सुमारास बायकोने रात्रीचं जेवण साडेसातला आणलं होतं. श्रेय कोणाला द्यायचं यावर घरात अजून एकमत नाही.

मुक्काम_धायरी:
@खुर्चीपुराण, गाडीवरचं खाणं सगळ्यांना दिसतं, घरातलं तेल कोणी धरत नाही. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. प्रत्येक पदार्थ मोजत बसू नका, सोपी युक्ती सांगतो: किराण्याची यादी बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोजच्या ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या. तुम्ही पळता चार दिवस, फोडणी पडते सातही दिवस. डबा दीड महिना पुरवलात तर माणशी रोजच्या शंभरावर कॅलरी वाचतात, म्हणजे आठवड्याला आठशेच्या आसपास. तुमच्या दोन दिवसांच्या पळण्याएवढ्या, तेही बूट चिखलात न घालता.

बिनसाखरेचा:
+१. आणि शेंगदाण्याचं कूट वेगळं मोजा. पुण्यातल्या भाजीत भाजी किती आणि कूट किती हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

खुर्चीपुराण:
सगळ्यांचे आभार. गाडीवर मी काही खात नाही, घरी येऊन पोहे. आत्ताच स्वयंपाकघरात विचारलं: माणसं चार, पाच लिटरचा डबा चोवीस-पंचवीस दिवस जातो. पोट ९८ सेंटिमीटर. हाफ मॅरेथॉनचं या वर्षी राहू दे, बैठका सुरू करतो.

आता खरी अडचण. चौघांत आई आहे, वय ७६, वजन ४४ किलो, आधीच दोन घास कमी जेवते. तिचं तेल तोडायचं नाहीये. आमच्याकडे भाजी एकाच कढईत होते. ज्यांच्या घरी असं आहे ते काय करतात? आईच्या पानात वरून तूप वाढून बाकी भाजी कमी तेलात केली तर चालेल का? @सायली_फिजिओ, बैठका किती आणि कशा वाढवायच्या तेही सांगा.