शनिवारी मॅच, मंगळवारी परत मॅच, आणि साठाव्या मिनिटाला पाय संपलेले

आठ_नंबर:
नमस्कार मंडळी. मी मिडफिल्डला खेळतो, वय २६, वजन ६८ किलो. लीग आणि कप एकदम चालू असल्याने सध्या शनिवारी संध्याकाळी मॅच आणि मंगळवारी संध्याकाळी परत मॅच असं चाललंय. शनिवारी काही प्रॉब्लेम नसतो, पण मंगळवारी साधारण साठाव्या मिनिटानंतर पाय माझे राहतच नाहीत, बॉल दिसतो, कुठे जायचं तेही कळतं, पण मी पोचेपर्यंत दुसरा कोणीतरी घेऊन गेलेला असतो. आता मी काय करतो ते सांगतो म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल. मॅच संपली की प्रोटीन शेक, घरी येऊन चिकन आणि सॅलड (वजन वाढू नये म्हणून रात्री भात, ब्रेड बंद), मग बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं. रविवारी उठायलाच उशीर होतो म्हणून एकदम दुपारचं जेवण, आणि फोम रोलर. सोमवारी हलकं ट्रेनिंग. झोप मात्र शनिवारी रात्री लागतच नाही, तीन वाजतात. बर्फात जास्त वेळ बसू का? की ते पायाला लावायचे कम्प्रेशन बूट घेऊ?

जुना_स्टॉपर:
बूट राहू देत, आधी ताट बघ. शनिवारी रात्री जे खायला पाहिजे नेमकं तेच तू बंद करून ठेवलंयस.
फुटबॉलमध्ये धावणं, थांबणं, परत स्प्रिंट मारणं हे सगळं मुख्यतः स्नायूतल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे भात-ब्रेडमधल्या कार्बपासून (कर्बोदकांपासून) स्नायूत साठलेल्या साखरेवर चालतं. मॅचनंतर खेळाडूंच्या मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासलेत, त्यात जवळपास निम्मे तंतू रिकामे किंवा रिकामे व्हायला आलेले निघाले, आणि त्यात स्प्रिंटला लागणारे वेगवान तंतूही होते. म्हणजे जॉगिंग जमतं पण तो एक पाच मीटरचा झटका मारता येत नाही, तू सांगतोयस अगदी तेच. हा साठा पूर्ण भरायला ४८ ते ७२ तास लागतात, तेही नीट खाल्लं तर. आणि फुटबॉलचा आणखी एक लोच्या असा की जोरात पळताना अचानक थांबणं, वळणं यात स्नायूला बारीक इजा होते, आणि इजा झालेला स्नायू ग्लायकोजेन हळू भरतो. तुझ्याकडे आहेतच ७२ तास, त्यातली पहिली रात्र आणि रविवारची सकाळ तू उपाशीच काढतोस!
आकडे हवे असतील तर पहिले चार तास दर तासाला किलोमागे साधारण १ ग्रॅम कार्ब, म्हणजे तुला तासाला ७० ग्रॅमच्या आसपास. मॅचनंतर भूक मेलेली असते हे मला माहितीये, म्हणून ड्रेसिंग रूममध्येच दोन केळी आणि अर्धा लिटर दूध घशाखाली घाल, मग तासाभराने जेव, आणि जेवणात भात, पास्ता, बटाटे काय आवडेल ते, पण भरपूर. रविवारी पूर्ण दिवसात किलोमागे ६ ते ८ ग्रॅम, म्हणजे तुझ्यासाठी ४०० ते ५४० ग्रॅम. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात २८ ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, आता तूच हिशोब कर किती भात होतो तो. उशिरा उठून एका जेवणात हे बसत नाही.
प्रोटीन तू घेतोयस ते बरोबर आहे, फक्त ते एकदम न घेता दर तीन-चार तासांनी २०-२५ ग्रॅम असं वाटून घे.

कमी_गोड:
इतके कार्ब म्हणजे इन्सुलिनचा नुसता धिंगाणा. मी सहा महिने लो कार्बवर आहे, दहा किलोमीटर आरामात पळतो. शरीराला चरबी जाळायची सवय लावा.

जुना_स्टॉपर:
तू एका चालीत दहा किलोमीटर पळतोस रे, आणि त्यात तुझं काही चुकत नाही. चरबीतून ऊर्जा मिळते पण हळू मिळते, विंगर सुटल्यावर त्याच्या मागे धावताना तेवढा वेळ कोण देतं? ऑफ सीझनला काय ते प्रयोग करा, तीन दिवसांत दोन मॅच असताना नको.

फिजिओच्या_टेबलावर:
वरचं सगळं बरोबर, मी झोपेवर आणि बर्फावर बोलतो कारण माझा अख्खा एक सीझन तिथेच वाया गेलाय.
बर्फाने दुखणं कमी वाटतं, १० ते १५ डिग्रीच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पुरे, त्याहून जास्त बसून काही मिळत नाही. दोन मॅच जवळ असतील तेव्हा जरूर कर, पण जिममध्ये वजनं उचलल्यावर दर वेळी करू नकोस, स्नायू वाढायचं काम त्याने मंदावतं. ग्लायकोजेन मात्र बर्फाने भरत नाही, बुटांनीही नाही.
आता प्रश्न, हाफ टाइमला कॅफीनवालं काही घेतोस का? कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. आणि मॅचच्या आधी आणि नंतर वजन करून बघितलंयस कधी? तिसरं, मॅचनंतर टीमबरोबर बिअर होत असेल तर प्रोटीन घेऊनसुद्धा स्नायू दुरुस्तीचं काम बऱ्यापैकी घसरतं. पेनकिलर खाऊन मंगळवारी उतरायचं तर अजिबात नाही, विशेषतः अंगात पाणी कमी असताना, किडनीवर येतं. मी हे सगळं केलेलं आहे, हॅमस्ट्रिंग दोनदा गेली. एक लक्षात ठेव, आठवड्यात दोन मॅच खेळणाऱ्यांचे धावण्याचे आकडे बहुतेक वेळा तेवढेच दिसतात, वाढतात त्या दुखापती. त्यामुळे 'मी ठीक पळतोय' यावर फार विसंबू नकोस.

बेंचवरचा:
जे दहाच मिनिटं खेळतात त्यांनी स्टार्टरच्या मापाने जेवू नये एवढंच माझं म्हणणं, हा धडा मी पोटावर घेऊन फिरतोय. आम्हाला खाण्यापेक्षा मॅचनंतर चार स्प्रिंट जास्त गरजेच्या असतात, नाहीतर पुढच्या वेळी खरंच उतरवलं की दम लागतो.

आठ_नंबर:
हाफ टाइमला कॅफीन जेल घेतो, हो 🙈 त्याचा झोपेशी संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. बिअर नाही. काल वजन केलं, मॅचच्या आधी ६८.२ आणि नंतर ६६.४. आणि पाणी मी प्यायलो होतो हां!

फिजिओच्या_टेबलावर:
१.८ किलो म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. जेवढं गेलं त्याच्या दीडपट प्यायचं कारण काही लघवीतून जातंच, म्हणजे २.७ लिटर, पण रात्रीत घटाघट नाही, थोडं थोडं करत, आणि जेवणात मीठ नीट असू दे, नुसतं पाणी प्यायलास तर रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या. कॅफीन घ्यायचंच असेल तर मॅचच्या आधी घे, हाफ टाइमला साधं जेल, ३० ग्रॅम कार्बवालं.

आठ_नंबर:
सोमवार सकाळचं अपडेट. रात्री आणि काल दिवसभर भात, पास्ता, केळी, बटाटे, पोट फुटेपर्यंत खाल्लं. झोप कालची चांगली झाली. पण काटा ६९.१ दाखवतोय!! दोन दिवसांत जवळपास एक किलो जास्त, आज रात्री भात बंद करू का?

जुना_स्टॉपर:
अरे काटा कपाटात ठेव. एक ग्रॅम ग्लायकोजेन साठवताना शरीर त्याच्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरतं, तो किलो बहुतेक तोच आहे, चरबी इतक्यात चढत नाही. उद्या धावायला लागतो तोच साठा, तो आज का काढून टाकतोस? आज रात्री भात, उद्या मॅचच्या तीन-साडेतीन तास आधी परत भात, तेल आणि फायबर कमी.

आठ_नंबर:
ठीक आहे दादा, शिजवतो.